आबा बसले नाहीत

बारशाच्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, अडीच तास उभे होते. एकदाही बसले नाहीत.

भाचीच्या बाळाचं बारसं, साताऱ्यात, एका छोट्या हॉलमधे. पणतू झाला की आपल्याकडे पणजोबांवर सोन्याची फुलं उधळतात, म्हणून दादानं सोनाराकडून पाच इवली इवली फुलं करून आणली होती (चांदीवर सोन्याचं पाणी, पण ते कुणाला सांगायचं नव्हतं). आबांचे गुडघे दुखतात, पाटावर बसता येणार नाही, म्हणून वहिनीनं हॉलवाल्याकडून ती लग्नातली लाल मखमलीची खुर्ची मागवून मधोमध ठेवली, तिच्यापुढे रांगोळी काढली, फोटोवाला तयार, बाळ टोपडं घालून तयार, आणि आबा म्हणाले मी उभाच बरा. "एकतीस वर्षं बसूनच काढलीत की, आता आनि काय बसायचं." सगळे हसले. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, त्यामुळे जोक लागू पडला. वहिनीनं दोनदा म्हणून बघितलं, मग दादा हाताला धरून न्यायला लागला तर आबांनी हात सोडवून घेतला, जरा जोरातच, आणि सगळ्यांचं हसू तिथंच थांबलं. शेवटी उभ्याउभ्याच फुलं उधळली. ती खांद्यावरून घरंगळून फरशीवर गेली, पोरं टेबलाखाली घुसली शोधायला, चार सापडली, पाचवं काही सापडलं नाही. बाळाला त्यांनी हातात घेतलं ते जेमतेम अर्धा मिनिट, अंगापासून लांब धरून, आणि लगेच परत दिलं. भाचीचं तोंड एवढंसं झालं. जेवायला बसा म्हटलं तर शुगर आहे, नको. जिलेबी नको हे समजू शकते, पण मसालेभात नको, कोशिंबीर नको, पाणीसुद्धा नको. हात धुवायच्या बेसिनशेजारी, बाथरूमकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी उभे राहिले ते हॉल रिकामा होईपर्यंत.

मला रागच आला होता, खोटं कशाला सांगू. दादानं एवढं केलं, वहिनी महिनाभर राबली, आणि यांचं हे. परत येताना आमच्या गाडीत मागच्या सीटवर त्यांनी आधी पेपर पसरला, 'पँटला धूळ लागती' म्हणून, आणि मग बसले. खंबाटकीचा बोगदा आला, शिरवळ गेलं, कुणीच काही बोललं नाही. खेड शिवापूरच्या अलीकडे नवऱ्यानं चहाला गाडी थांबवली तर आबा उतरले आणि सरळ हॉटेलच्या मागच्या बाजूला गेले. आमचा चहा संपला, बिल देऊन झालं, तरी पत्ता नाही. आले तेव्हा हातातला पेपर नव्हता. पुढे घरापर्यंत ते सीटच्या कडेला, पुढची सीट दोन्ही हातांनी धरून, असे बसले की जणू कुठल्याही क्षणी स्टॉप येणारे.

मग ते दृश्य डोक्यातून जाईना. कारण आबा म्हणजे बसणारा माणूस. आमच्या बाल्कनीत त्यांची वेताची खुर्ची आहे, तीवर कुणी बसलेलं त्यांना चालत नाही, नातीलासुद्धा उठवतात. ड्रायव्हर लोक घरून स्वतःचा टॉवेल नेऊन सीटवर टाकतात, ती सवय रिटायर झाल्यावर पण गेली नाही, खुर्चीवर टॉवेल कायम. त्या टॉवेलखाली प्लास्टिकची पिशवी कधी आली ते मात्र मी बघूनही बघितलं नव्हतं. तसं तर सगळंच डोळ्यांसमोर होतं. सकाळचं फिरणं आधी टेकडीपर्यंत होतं, मग बागेपर्यंत आलं, मग सोसायटीच्या गेटपर्यंत, आणि आता गच्चीवर दहा चकरा. सगळ्या पँटी गडद रंगाच्या झाल्या. मी म्हटलं वय झालं, मळखाऊ बऱ्या. कालचा पेपर रद्दीत सापडायचा नाही. आणि गेल्या वर्षी त्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली, म्हणजे एसटी फुकट, २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना तिकिटाला पैसेच नाहीत, त्याची ते केवढी वाट बघत होते! आता रोज उठून कुठं कुठं जातो बघ म्हणाले होते, अक्कलकोट काय, गणपतीपुळे काय. आणि वय भरल्यापासून एकदाही एसटीत चढले नाहीत. आधार कार्ड लॅमिनेट करून खिशात तयार, आणि माणूस घरात.

बरं या विषयाला आपल्याकडे शब्द नाहीत असं पण नाही. गावाकडे परसाकडं, झाड्याला, टमरेल घेऊन, शाळेत दोन नंबर, बाळाची शी, आणि माझी मुलगी तर फ्रेश होऊन येते म्हणते. 'पोट साफ झालं का' हे आमच्याकडे पाहुण्याला चहा देता देता विचारतात, जावयालासुद्धा. पण जायच्या आधीच झालं तर काय म्हणायचं? पाळण्यातल्या बाळाचं चालतं, त्याला दुपटं बदलतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं पण कसंतरी चालतं, 'सगळं अंथरुणातच आहे हो' असं शेजारीपाजारी सांगता येतं, वर लोक कौतुक करतात सुनेचं. पण चालत्याबोलत्या, शर्ट इन करून बँकेत पासबुक भरायला जाणाऱ्या माणसाचं काय. 'कपड्यात झालं' एवढं दोन शब्दांचं वाक्य, आणि ते म्हणायला आबांना दोन वर्षं लागली.

बारशानंतर आठवड्यानं असेल, पहाटे साडेचारला पाणी प्यायला उठले तर बाथरूममधे नळ बारीक सोडलेला. बारीक धार, आवाज होऊ नये म्हणून. बाल्कनीत दोरीवर पँट पिळून टाकलेली, टोकाला थेंब, खाली फरशीवर ओघळ. आणि जंतुनाशकाचा तो दवाखान्याचा वास. आबा बाहेर आले, मला बघून दचकले, पंचा गुंडाळलेला. मी काही विचारलंच नव्हतं, तरी म्हणाले, "पाणी सांडलं गं अंगावर."

हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं होतं.

२००२ साली मुलीच्या वेळी मी बाळंतपणाला कराडला, माहेरी. कळा देऊन देऊन माझ्यातलं बळ संपलं होतं, शेवटी चिमटा लावून काढली तिला. टाके पडले, किती ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, बाळ रडलं हे महत्त्वाचं. घरी बाज, खाली शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आईनं काही म्हणून कमी केलं नाही. पहिल्यांदा कळलं ते बाळ बघायला आलेल्या बायकांपुढे. वारा सरला आणि तो मला धरताच आला नाही, म्हणजे धरायला जे असतं ते जागेवरच नव्हतं. बायका हसल्या, बाळंतिणीचं असतंच म्हणाल्या. मग काही दिवसांनी वाऱ्याबरोबर थोडं आणखीही. लघवी नाही, अंगावरचं जाणं नाही, हे काहीतरी तिसरंच. तेवीस-चोवीस वर्षांची मी, मला वाटलं आपण आतून फाटलो बहुतेक आणि आता हे आयुष्यभर असंच. आईच्या जुन्या सुती पातळाचे तुकडे करून घड्या घालायचे आणि पहाटे चारला मोरीत बसून धुवायचे, बाळाच्या लंगोटांच्या ढिगात घालून, म्हणजे कुणाला कळणार नाही. आईनं एकदा विचारलंच, एवढ्या पहाटे गं? बाळाचे लंगोट, म्हणाले. सव्वा महिन्यानं तपासायला गेले तर दूध पुरतं का, टाके भरले का, पाळणा कसा लांबवणार हे सगळं विचारलं, पण शी धरता येते का हे काही कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारल्याशिवाय सांगायची ही गोष्ट नव्हे असं मलाही वाटलं. सहा-सात महिन्यांनी आपोआप बरंच कमी झालं. मी देवाला नारळ फोडला आणि गप्प बसले. ते चाळिशी ओलांडेपर्यंत. पाळी मागेपुढे व्हायला लागली तशी ती जुनी भानगड पण दाराच्या फटीतून डोकावायला लागली, बस पकडायला पळाले की, पोट बिघडलं की. माझ्या पर्समधे कायम एक काळी पिशवी असते, जादा कपड्यांची. मुलीला वाटतं पाळीसाठी असेल.

म्हणजे बघा, घरात दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती, आणि मधे फक्त बाथरूमची भिंत.

तरी लगेच विचारलं नाही मी. कसं विचारणार? वडील आहेत. आई असती तर तिनं सरळ विचारलं असतं, किंवा तिनं पण झाकलंच असतं, काय सांगावं. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, लाइट गेली, नवरा खाली गाडी आत घ्यायला गेला होता, मुलगी तिच्या खोलीत मोबाइलच्या उजेडात, आणि मी आणि आबा बाल्कनीत. काळोखात तोंड दिसत नाही त्याचा फार उपयोग होतो. मी त्यांचं काही काढलंच नाही, माझंच सांगितलं. आबा, बाळंतपणानंतर मला संडासाचा ताबा राहिला नव्हता, सहा-सात महिने, आणि आता परत कधीकधी होतं. एवढंच. म्हटलं आणि माझे कान गरम झाले. बराच वेळ आबा काही बोलले नाहीत, मला वाटलं ऐकू गेलं नाही का काय. मग म्हणाले, "फाटंच्या ड्युटीला निघायचो तवा तू मोरीत धुवत बसलेली असायचीस. मला वाटायचं लंगोट." मी म्हटलं, आईला पण मी तेच सांगितलं होतं. परत शांत. खाली कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजत होता. मग त्यांनी एकदम वेगळंच काढलं.

"चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असंल, कराड-मुंबई होती माझ्याकडं." तेव्हा बोगदा नव्हता, जाणारी-येणारी सगळी वाहतूक खंबाटकी घाटातूनच. सुरूरच्या पुढं एक म्हातारा केबिनशी आला, धोतर-टोपी, म्हणाला ड्रायव्हरसाहेब दोन मिनिटं थांबवा, पोटात कळ आलीय. आबा म्हणाले घाट संपू द्या, पलीकडं खंडाळ्याला थांबवतो. घाटात थांबवता येत नाही हे खरंच होतं, मागं ट्रकांची रांग, पण तिथंच थांबवता आली असती, म्हातारा आला तेव्हा चढ लागायचा होता अजून. टाइम भरायचा होता. दुसऱ्या वळणावर मागून आरडाओरडा सुरू झाला, खिडक्या उघडायला लागले लोक, कंडक्टरला शिव्या. "मी आरशात बगत हुतो. लोकं त्याच्यापासून सरकली, समदं शीट मोकळं झालं." खंडाळ्याला कंडक्टरनं सिंगल बेल दिली आणि म्हाताऱ्याला उतरवलं. पिशवी मागं धरून चालत गेला तो. कुणाकडं चालला होता, पुढं कसा गेला, काही माहीत नाही. आबा म्हणाले, "आदी थांबीवली न्हाई. मग थांबीवली, त्याला उतरवाय."

आणि मग अगदी सहज, चहात साखर जास्त झाली म्हणावं तसं, "मला पन हुतंय. दोन वर्सं झाली. कपड्यात हुतंय."

लाइट आली तेव्हा आम्ही दोघंही इकडेतिकडे बघायला लागलो.

डॉक्टर शोधायला आठवडा गेला. पोटाच्या सर्जनची वेटिंग रूम म्हणजे बघण्यासारखी जागा असते. सगळे मूळव्याधीचे. निदान सांगायला तरी सगळे मूळव्याधीचेच. शेजारचे काका आबांना म्हणाले, तुमचं पण तेच का, तर आबा म्हणाले व्हय, मूळव्याधच, कोंब आलाय. इतक्या सफाईनं! डॉक्टर मात्र सरळ होते, वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. शी कपड्यात होते हे त्यांनीच आधी म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला, जो मला कधी सुचलाच नव्हता. लागलेली कळते पण संडासापर्यंत धरवत नाही, की झालेलं नंतर कळतं? दोन्ही वेगळं असतं म्हणे. आबा म्हणाले, नंतर कळतं. मग किती वेळा, पातळ का घट्ट, रक्त पडतं का, वजन उतरलंय का, बसायची जागा बधिर वाटते का, लघवी अडकते का. बधिरपणा आणि लघवी अडकणं हे अचानक झालं असतं तर माझ्याकडं न येता थेट इमर्जन्सीत जायचं, पाठीच्या कण्यातल्या नसा दबल्याचं लक्षण असू शकतं ते, म्हणाले. मग पडद्यामागे नेऊन बोट घालून तपासलं. मी बाहेर बसून भिंतीवरचा आतड्यांचा रंगीत तक्ता बघत होते. आबांचा चष्मा माझ्या हातात होता.

आणि निघालं काय, तर बद्धकोष्ठ. मला विश्वासच बसेना, कारण आबा दोन वर्षं जुलाब थांबवायच्या गोळ्या खात होते, मेडिकलमधून दहा-दहाच्या स्ट्रिपा आणून, मला न सांगता. डॉक्टर म्हणाले आत मळ साठून साठून दगडासारखा खडा झालाय, तो काही बाहेर येत नाही, पण त्याच्या बाजूनं वरचं पातळ पाझरत राहतं. माणसाला वाटतं जुलाब झाले. मग तो थांबवायच्या गोळ्या खातो, खडा अजून पक्का होतो. वर भीतीपोटी खाणं कमी, पाणी कमी, हिंडणं-फिरणं बंद, म्हणजे बद्धकोष्ठाला सगळी सोयच. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे घाटात दरड पडलीया आनि कडंनं मोटरसायकली निघाल्यात." डॉक्टर पेन खाली ठेवून हसले. म्हणाले काका, हे मी आता सगळ्या पेशंटला सांगणार.

कारण एकच नव्हतं. अठरा वर्षांची शुगर, तिनं नसा मंदावतात. गुडघ्यासाठी चालू असलेली वेदनेची गोळी, ती पोट घट्ट करते. आणि ड्युटी. वर्षानुवर्षं लागली तरी धरून ठेवायची, पुढच्या स्टँडला बघू, पुढच्या डेपोला बघू, असं केलं की मलाशय सैलावतं आणि भरलंय हा निरोप वर पोचायचा हळूहळू कमी होतो. खाली दोन कड्या असतात स्नायूंच्या, आतली आपल्या हुकमात नाही, ती आपसूक मिटलेली असते, दिवसरात्र. बाहेरची आपल्या हातातली. आत सतत भरलेलं राहिलं की आतली कडी सैल पडते. मला आपलं वाटत राहिलं की ज्या माणसानं लोकांना वेळेवर पोचवायला स्वतःची वेळ एकतीस वर्षं मारली त्याची ही अशी परतफेड. तसं आबांना म्हणाले तर म्हणाले, काय तरीच काय, पगार घ्येत हुतो की.

आधी ती दरड काढायला लागली. एनिमा, आणि पाण्यात ढवळून प्यायची पावडर, आठ-दहा दिवस, त्या दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही, फक्त एवढंच की संडास एक असलेल्या घरात आम्ही चौघं होतो आणि नवऱ्यानं त्या आठवड्यात एकदाही कुरकुर केली नाही, हे त्याच्या नावावर जमा. नंतर दुर्बिणीतून तपासलं, वय बघता गाठबिठ नाही ना याची खात्री, ते स्वच्छ निघालं. वेदनेची गोळी बदलली, जुलाब थांबवायच्या गोळ्या कचऱ्यात. पावडर कमी प्रमाणात रोज चालू. खरा उपाय त्यानंतरचा आणि तो इतका साधा की सांगायला संकोच वाटतो. सकाळी चहा-नाष्टा झाला की वीस मिनिटांनी, लागो न लागो, जाऊन बसायचं. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, ती वेळ पकडायची. दहा मिनिटं, कुंथायचं नाही, मोबाइल न्यायचा नाही. कमोडवर गुडघे खालीच राहतात त्यानं मार्ग सरळ होत नाही, म्हणून पायाखाली काहीतरी घेऊन गुडघे वर. मी आईचा जुना पाट काढला तर आबा खवळले, जेवायचा पाट संडासात न्येतीस व्हय! मग चाळीस मिनिटं भांडून, प्लास्टिकचं निळं स्टूल आलं. पूर्वी उकिडवं बसायचे तेव्हा हे सगळं फुकटात होत होतं, पण आता ते गुडघे नाहीत आणि तो संडासही नाही.

व्यायाम सांगितला होता, वारा रोखताना जिथं आवळतो तिथं आवळायचं, पाच सेकंद धरून सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा, पोट आणि मांड्या न ताणता. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील म्हणाले. आबा बाल्कनीत बसून करायचे आणि कुणाला काही कळायचं नाही. मी विचारलं जमतंय का, तर म्हणाले, "हँडब्रेक सैल झालाय, पायाचा ब्रेक बरा हाय." डायबेटिसवाल्यांची ती शुगर-फ्री चॉकलेटं दादा कौतुकानं पाठवायचा, त्यातल्या सॉर्बिटॉलनं पोट ढिलं होतं, ती बंद केली. आणि कातडी. हे मला सगळ्यात जास्त लागलं. लपवायच्या नादात आबा जंतुनाशक पाण्यात घालून धूत होते, घासून, रोज. मागे सगळं लाल, सोललेलं. अडीच तास उभे राहिले ते बसलं की कपड्याला लागेल या भीतीनं तर होतंच, पण बसवतही नव्हतं त्यांना. नुसतं कोमट पाणी, टिपून कोरडं करायचं, मग झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर, बाळाला लावतात तेच. दहा दिवसांत बरं झालं. दोन वर्षांचं दुखणं दहा दिवसांत.

डायपरचा किस्सा सांगते. मेडिकलमधे गर्दी, मी हळूच म्हटलं मोठ्यांचे डायपर, पोऱ्या आत तोंड करून ओरडला, पेशंट बेडवर आहे का चालता? सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं चालता आहे, रोज गच्चीवर दहा चकरा मारतो. मग तो चड्डीसारखा ओढून घालायचा प्रकार असतो तो दिला, कमरेच्या मापानं, वर पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत. पेपर, काळी पिशवी. मी म्हटलं पेपर नको. का म्हटलं ते त्याला काय कळणार. आबांनी तो प्रकार हातात घेऊन उलटापालटा केला, लंगोट म्हणाले, आणि कपाटात मागं सारला. मी पण आग्रह केला नाही. महिनाभरानं एकदा बँकेत जायचं होतं तेव्हा स्वतःच काढला. आता त्याला ते स्टेपनी म्हणतात.

सगळं एकदम छान झालं असं नाही. जुलैत दोनदा झालं, एकदा तर बागेत, आणि त्यानंतर चार दिवस ते बोलले नाहीत कुणाशी, व्यायाम पण सोडला. मी चिडले, ते चिडले. पण पँट त्यांनी मशीनमधे टाकली, पहाटे धुतली नाही. मला तेवढं पुरे होतं.

माझं? गेले मी पण, शेवटी. आबांनीच टोचून टोचून धाडलं, त्यांना इकडे दरडी काढायला लावलं आणि तू मात्र पिशवी घेऊन हिंड म्हणाले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आतली सोनोग्राफी करायला लावली, बाहेरच्या कडीत एका बाजूला जुनी खोक निघाली, बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची, तेव्हा कुणी बघितलीच नसणार. तरुणपणी बाकीचे स्नायू सांभाळून घेतात, पाळी जायच्या सुमाराला तेही थकतात, म्हणून आता. फिजिओथेरपी चालू आहे, स्क्रीनवर आपण किती आवळतोय त्याची रेघ वरखाली होताना दिसते, पहिल्या दिवशी माझी रेघ म्हणजे खडकवासल्याच्या शांत पाण्यासारखी. यानं नाहीच भागलं तर टाके घालून शिवतात, किंवा कमरेखालच्या नसांना पेसमेकरसारखं छोटं यंत्र बसवतात, हे पण तिथंच कळलं. बघू. मुलीला सांगितलं. तिनं आधी मला मिठी मारली आणि मग विचारलं, म्हणजे माझ्यामुळे? मी म्हटलं, नाही गं बाई, चिमट्यामुळे. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते काही पटकन गेलं नाही.

ऑक्टोबरात बाळाची उष्टावण होती, गावी, उंब्रजपाशी, दादाच्या घरी. आबा म्हणाले मी एसटीनं येणार. माझ्या पोटात गोळा. कॅलेंडरच्या पाठीमागं त्यांनी यादी केली होती, स्वारगेटपासून उंब्रजपर्यंत कुठं संडास, कुठला बरा, कुठं पाणी नसतं. स्टेपनी घालून, जादा पँट पिशवीत घेऊन, दाराजवळच्या सीटवर आम्ही दोघं. कंडक्टरनं आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट दिलं, ते त्यांनी घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा उतरायच्या आधी केबिनकडे गेले, ड्रायव्हर पोरगेलासा होता, त्याला काहीतरी म्हणाले. मी पाठोपाठ उतरले आणि संडासाच्या बाहेर उभी राहिले. गाडीचा टाइम झाला, लोक चुळबुळ करायला लागले, कंडक्टर घड्याळ बघतोय, पण ड्रायव्हर इंजिन चालू करून नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, आरशात बघत. आबा आले, चढले, दांडीला धरून त्याला हात केला, आणि मगच डबल बेल.

दादाच्या अंगणात मांडवाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आबांनी घराच्या दारापासली एक ओढून घेतली आणि बसले. बाळ मांडीवर, भाचीनं चांदीच्या वाटीतून खीर चाटवली, फोटो झाले, आबांनी पण खीर मागून घेतली, अर्धी वाटी. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं, उठले, खिशातला रुमाल काढून खुर्चीवर टाकला आणि आत गेले. तेवढ्यात शेजारचे नाना आले आणि नेमके तिथंच टेकले. आबा पंच्याला हात पुसत बाहेर आले, खुर्चीपुढे उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ओ नाना, उठा. रुमाल टाकला हुता मी, दिसला न्हाई व्हय?"